सिमेटरीतला मराठी दगड

आमच्या इतिहास कट्ट्याचा जन्म एका फोनमधून झाला, आणि तो फोन मी उचलणारच नव्हतो. रिटायर झाल्यापासून मला येणारे निम्मे फोन गाडीची वॉरंटी विकणाऱ्यांचे असतात, आणि अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन केलेल्या माणसाला कुणी वॉरंटी शिकवू नये. पण त्या दिवशी उचलला. पलीकडे एक म्हातारी अमेरिकन बाई होती. आम्ही राहतो त्या नोव्हाय गावापासून अर्ध्या तासावर एक जुनी टाउनशिप आहे, म्हणजे स्वतःचा कारभार असलेलं लहान गाव. तिथल्या सिमेटरीतले थडग्यांवरचे दगड ही बाई गेली कित्येक वर्षं मऊ ब्रशने धुते, वाचते आणि एका जाड वहीत उतरवते. कुणी सांगितलेलं नाही, पगार नाही, आवड म्हणून. माझा नंबर तिला लायब्ररीतून मिळाला होता. तिचं म्हणणं एवढंच होतं की एक दगड आमच्यापैकी कुणाला वाचता येत नाही, तो तुमच्या भाषेतला आहे का, बघायला याल का.

एप्रिलचे दिवस होते. बर्फ वितळून सगळीकडे चिखल झालेला. कुंपणाच्या कडेला, बुटांच्या खोक्याएवढा एक करडा दगड होता. बाईने बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं, तशी अक्षरं काळी होऊन वर आली. कोरणाऱ्याला ती अक्षरं वाचता येत नसणार हे उघड होतं, चित्र काढावं तशी काढलेली होती. शब्द एकच होता. बाळ. खाली कधीतरी आकडे असावेत, ते झिजून गेले होते.

मी अर्थ सांगितला. तिने विचारलं, हे नाव आहे का? मी म्हटलं, नाव नाही, बाळ म्हणजे बाळच. तिने वही उघडून दाखवली. प्रत्येक दगडाला एक ओळ, नंबर, नाव, आईवडिलांची नावं. या दगडाची ओळ रिकामी होती. सिमेटरीच्या ऑफिसची जुनी कागदपत्रं तळघरात पाणी शिरून केव्हाच गेली होती. बाईचे हात कापत होते. म्हणाली, माझ्याच्याने होतंय तोवर ही वही पूर्ण करून टाउनशिपला द्यायची आहे, आणि एकही ओळ रिकामी द्यायची नाही.

"त्या काळी आमची माणसं इथे मोजकी होती," मी म्हटलं. "महिन्याभरात शोधून देतो." बढाई मारायची माझी जुनी खोड आहे.

परतताना गाडीत मला रडू आलं. आपल्याकडे तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. पण पुरायचं कुठे, हे तिकडे गावाला विचारावं लागत नाही. इथे कुणीतरी एक बाप परक्या लोकांच्या ऑफिसात उभा राहिला असणार, तोडक्यामोडक्या इंग्रजीत जागा मागितली असणार, आणि कागदावर बाळ असं लिहून दिलं असणार. नाव लिहिलं नाही, कारण बहुतेक नाव नव्हतंच. बारशाआधीच गेलं असेल. मग त्याचं या जगात काय राहिलं? कुणाचं होतं, एवढंच. आणि तेसुद्धा आता कुणाला माहीत नव्हतं. मला ते शोधून काढायचं होतं. इतक्या वर्षांत मला दुसरं काही इतकं हवंसं वाटलेलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता उत्तर दिलं. "अहो, मग पहिल्या काकूंना विचारा ना."

पहिल्या काकू म्हणजे आमच्या भागातलं पहिलं मराठी घर. त्यांच्याआधी इथे कुणी नव्हतं, निदान आम्हाला ठाऊक असलेलं कुणी नव्हतं. त्यांचे यजमान ओतकामाच्या कारखान्यात इंजिनिअर होते, ते जाऊनही बरीच वर्षं झाली. जो कुणी मराठी पोरगा या भागात नोकरीला यायचा, त्याचा पत्ता काकूंना विमानाच्या आधी कळायचा. मी आलो त्या शनिवारी त्यांनी मला पिठलं-भात वाढला होता आणि मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा म्हणाल्या होत्या, "अरे, लाजू नकोस, आज तू नवा आहेस, पुढच्या वेळी लाज." आता त्यांचं वय चौऱ्याऐंशी. शरीर थकलेलं, पण स्मरण असं की कुठल्या वर्षी कुणाच्या गाडीची बॅटरी बर्फात बसली तेही सांगतील.

बायकोच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच होता की फोन उचला आणि विचारा. मी कमिटी काढली.

आता लिहिताना मलाच माझी कीव येते. पण त्या वेळी माझा विचार असा होता की एका दगडाचं निमित्त आहे, तर सगळंच गोळा करावं. इथे आधी कोण आलं, कुठल्या अपार्टमेंटमध्ये राहिलं, पहिला गणपती कुणाच्या बेसमेंटमध्ये बसला. म्हातारी माणसं एकेक करून जातायत, मुलं मराठी बोलत नाहीत, आणि उद्या कुणाला विचारायचं म्हटलं तर कोण राहणार आहे? हे सगळं खरंच होतं, अजूनही खरं आहे. शिवाय आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला बोललो नाही. असा प्रश्न एकट्याने विचारायची मला भीती वाटत होती.

पहिल्या मीटिंगला माझ्या बेसमेंटमध्ये अकरा जण आले. त्यातला एक पुण्याचा, चाळिशीचा, डेटाबेसवर काम करणारा. वर्क व्हिसावर आलेला आणि बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभा. त्याला सगळ्यांनी सेक्रेटरी केलं, कारण तो लॅपटॉप घेऊन आला होता. मुलगा मनापासून काम करणारा. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

"काका, आपण हे प्रॉपर करू या," तो म्हणाला. "ॲड हॉक नको. ॲन्युअल कॅलेंडर बनवू, दर तीन महिन्यांनी एक इव्हेंट, सगळं रेकॉर्ड करू, स्कॅन करू, आर्काइव्ह करू."

जुन्या घरांचा नकाशा ठरला, फोटोंचं प्रदर्शन ठरलं, शाळकरी मुलांसाठी सहल ठरली. मग पहिला कार्यक्रम कुठला यावर चर्चा झाली आणि पाच मिनिटांत एकमत झालं. इतक्या लवकर मराठी माणसांचं एकमत झालं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पहिल्या काकूंचा सत्कार.

दुसऱ्या माणसाबद्दल काही जाणून घ्यायचं असेल तर आपण त्याला विचारत नाही, त्याचा सत्कार करतो. त्याला खुर्चीत बसवतो, खांद्यावर शाल घालतो, हातात नारळ देतो, आणि मग दोन तास त्याला त्याच्याचबद्दल सांगतो. हे मला तेव्हा सुचलं नाही. मीही हात वर केला. इतकंच काय, सूत्रसंचालन मी करतो असं आपणहून सांगितलं.

मे महिन्यातला एक रविवार मिळाला. कम्युनिटी सेंटरचा हॉल होता, दुपारी एक ते साडेचार. तिथे ज्योत पेटवायला बंदी, म्हणून दीपप्रज्वलन बॅटरीच्या पणत्यांनी झालं. स्वागतगीत झालं. त्यानंतर सहा जण काकूंबद्दल बोलले. पहिल्याने त्यांच्या पिठल्यावर दहा मिनिटं घेतली, दुसऱ्याने स्वतःच्या प्रमोशनवर पंधरा. मानपत्र वाचलं गेलं. त्यात काकूंना दीपस्तंभ म्हटलं होतं, दोनदा. काकू लेकाशेजारी बसून सगळ्यांकडे बघून हसत होत्या. त्यांचा हा लेक पन्नाशीचा, इथेच जन्मलेला. त्याला निम्मं कळत होतं आणि तो निम्म्या वेळी टाळ्या वाजवत होता.

शेवटी सेक्रेटरीने स्लाइड्स दाखवल्या, कट्टा पुढे काय काय करणार आहे त्याच्या. त्यातली शेवटची स्लाइड माझी होती. दगडाचा फोटो आणि खाली एक ओळ, हे कुणाचं असेल ते कुणाला ठाऊक असल्यास सांगावं. ती स्लाइड पडद्यावर तशीच ठेवून मी काकूंच्या हातात माइक दिला. "काकू, दोन शब्द," मी म्हटलं.

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. मागे जेवणाचे ट्रे आले होते. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. लोक वळून वळून बघत होते. सेक्रेटरी दाराजवळून मला मनगटावरचं घड्याळ दाखवत होता.

काकू माइक घेऊन मान वळवून पडद्याकडे बघत होत्या. खूप वेळ बघत होत्या. लोकांना वाटलं त्यांना माइक कळला नाही, कुणीतरी ओरडलं, "काकू, ऑन आहे!" मग त्या बोलायला लागल्या.

"त्या वर्षी जमीन इतकी गोठली होती," त्या म्हणाल्या, "की खणायला माणसं तयार होईनात. मग आम्ही..."

मला वाटलं, झालं सुरू, आमच्या वेळचा बर्फ. इथे चाळीस वर्षं काढलेलं प्रत्येक म्हातारं माणूस बर्फापासून सुरुवात करतं आणि अर्ध्या तासाने विमानाच्या तिकिटावर येतं. मी दुसरा माइक तोंडाशी नेला आणि मोठ्याने, हसत, सगळ्यांना हसवत म्हणालो, "काकू, बाकीचं जेवताना बोलू! पुऱ्या गार होतायत!"

हॉल हसला. काकूही हसल्या. "हो हो," त्या म्हणाल्या, "आधी जेवून घ्या सगळे." आणि माइक मला परत दिला.

जेवताना मी श्रीखंड वाढत होतो. त्यांच्याभोवती फोटो काढून घेणाऱ्यांची गर्दी होती. साडेचारला हॉल सोडायचा म्हणून खुर्च्या घड्या घालणं सुरू झालं. दमल्या म्हणून लेक त्यांना घेऊन गेला. गाडीपर्यंत गेलो तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. "तू ये," म्हणाल्या. "निवांत ये." मी म्हटलं, पुढच्याच आठवड्यात येतो.

पुढच्या आठवड्यात एका ग्रॅज्युएशन पार्टीला जायचं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन होत्या. मग सेक्रेटरीचा फोन आला की काकूंचा इंटरव्ह्यू आहे, तर फोनवर रेकॉर्ड नको, चांगला कॅमेरा आणू, लाइटिंग करू, आणि आधी प्रश्नावली फायनल करू. मला पटलं. प्रश्नावली ग्रुपवर फिरली. तिच्यात सगळ्यांनी भर घातली, कुणी 'पहिलं इंडियन ग्रोसरीचं दुकान' घातलं, कुणी 'नव्या पिढीला संदेश' घातला. तारखेसाठी पोल काढला. जुलैत निम्मे लोक भारतात, ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायची गडबड. माझा दगडाचा प्रश्न प्रश्नावलीत एकोणिसावा होता. मधूनमधून त्या अमेरिकन बाईचा फोन यायचा. मी सांगायचो, काम चालू आहे.

दरम्यान एका संध्याकाळी सत्काराचा व्हिडिओ ग्रुपवर आला. बायको आणि मी बघत होतो. काकूंचं वाक्य आलं आणि लगेच माझा आवाज आला. बायकोने व्हिडिओ थांबवला.

"अहो," ती म्हणाली, "त्या बर्फाबद्दल नव्हत्या बोलत."

मागे पडद्यावर दगड होता आणि काकू त्या दगडाकडे बघून बोलत होत्या. मी ते पुन्हा पाहिलं, मग पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना फोन लावला. उचलला त्यांच्या लेकाने. आदल्या आठवड्यात त्या बाथरूममध्ये पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. "ऑपरेशन वेंट फाइन, काका," तो म्हणाला. "बट शी इज नॉट हरसेल्फ. डॉक्टर म्हणतात ॲनेस्थेशियामुळे. परत येईल, दे से."

ते परत आलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांना स्मृती गेलेल्यांच्या एका होममध्ये ठेवावं लागलं. मी लेकाला भेटलो, कॉफी प्यायला नेलं. विचारायचं कसं ते मला समजत नव्हतं. शेवटी म्हटलं, तुझे आईबाबा इथे आले त्या पहिल्या वर्षांबद्दल आई कधी काही बोलली का? एखादं दुःखाचं वगैरे?

"नॉट रिअली, काका. मॉम डझन्ट टॉक अबाउट सॅड स्टफ. आय वॉज बॉर्न, अँड देन पार्टीज अँड फूड." तो हसला. "मी पहिलाच. ॲज फार ॲज आय नो."

काय बोलणार? मला तरी काय माहीत होतं? 'मग आम्ही' म्हणजे त्या आणि त्यांचे यजमान, की त्या काळी इथे आलेली आणखी कुणी माणसं, ज्यांच्या मदतीला हे दोघं धावले असतील? काकू कुणाच्याही मदतीला धावायच्या. ते बाळ त्यांचं असेल, नसेल. एवढ्या अर्ध्या वाक्यावर एका पन्नाशीच्या माणसाला त्याच्या मेलेल्या भावंडाबद्दल सांगायचं? मी कॉफी संपवली आणि घरी आलो.

नोव्हेंबरमध्ये कट्ट्याची पुढच्या वर्षाची मीटिंग झाली. मी आधीच ठरवून गेलो होतो. उभा राहून सांगितलं की आपलं चुकलं, माझं चुकलं. सत्कार बंद करा. एक माणूस, एक फोन, म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरात बसा आणि गप्प राहा, बस्स. सगळे गंभीर झाले, माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, "ॲब्सोल्यूटली, काका, पॉइंट आहे." मग सेक्रेटरीने कॅलेंडर उघडलं. एप्रिल, एका जुन्या जोडप्याचा कार्यक्रम. सत्कार म्हणायचं नाही, 'संवाद' म्हणायचं. हॉल तोच. श्रीखंड मागच्या वेळी कमी पडलं, या वेळी गुलाबजाम ठेवावेत का, यावर पाऊण तास गेला. कुणीतरी विचारलं, सूत्रसंचालन कोण करेल? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हो म्हणालो. का म्हणालो हे मला आजही सांगता येत नाही. नाही म्हणायला काहीतरी उरलेलं असावं लागतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला अमेरिकन बाईचा फोन आला. ख्रिसमसनंतर ती वही टाउनशिपला देणार होती, आता तिला ब्रश धरता येत नव्हता. काही कळलं का, तिने विचारलं. मी म्हटलं, एकदा शेवटचं विचारून बघतो.

काकू जेवणाच्या हॉलमध्ये खिडकीशी व्हीलचेअरवर होत्या. तिथे संध्याकाळचं जेवण साडेचारलाच असतं. तिथल्या काम करणाऱ्या मुलीला त्या मराठीत म्हणत होत्या, "जेवलीस का गं?" आणि ती मुलगी प्रेमाने "येस, डिअर" म्हणत होती. मला बघून त्या हसल्या. तसं हसू त्या कुणालाही देत होत्या. अंगावर आम्हीच दिलेली शाल होती.

मी शेजारी बसलो. या वेळी कॅमेरा नव्हता, प्रश्नावली नव्हती, घाई नव्हती. फोनवर दगडाचा फोटो उघडून तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. बघत राहिल्या. मग दगडावरून बोट फिरवलं, तसा फोटो सरकला आणि पुढचा आला, सत्कारातल्या जेवणाचा. मी तो परत मागे आणला. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा पुऱ्या आल्या. असं तीनदा झालं. मग मी फोन माझ्याच हातात धरला.

"काकू," मी म्हटलं, "कुणाचं होतं हे बाळ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड थोडं उघडलं. मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी इतका वेळ गप्प बसलो असेन.

"लांबून आलात तुम्ही," त्या म्हणाल्या. पहिल्या दिवसापासून मला अरे-तुरे करणाऱ्या काकू मला अहो-जाहो करत होत्या. "आधी जेवून घ्या. मग बोलू."

मुलीने त्यांच्यापुढे ट्रे ठेवला होता, टोमॅटोचं सूप, मऊ पाव, वाटीत पुडिंग. तो त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवला. मी नको म्हटलं तर त्यांचा चेहरा कसनुसा झाला. म्हणून मी चमचा उचलला आणि सगळं संपवलं. मी जेवत होतो तोवर त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि ट्रे रिकामा झाला तेव्हा त्यांना झोप लागली होती.